पाणबुड्याचा खिसा कुठे असावा? प्लावक बल, दाब आणि हाताला लागणारी वस्तू



इयत्ता : आठवी (नववीलाही चालेल)
विषय : सामान्य विज्ञान, पाठ 'बल व दाब' याला पूरक
वेळ : दोन तासिका
साहित्य : बादली, तानकाटा, दोरा, 30 सेंमीची पट्टी, नाणी, सुई नसलेली सिरिंज, दोन लीटरच्या दोन बाटल्या, लोकरीचे हातमोजे, कपड्याच्या दोन जुन्या पिशव्या, सेफ्टी पिना

दिवाळीच्या सुट्टीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही शाळेत गेलात, तर वर्गातली दोन-चार मुलं तरी मालवण-तारकर्लीला जाऊन आलेली असतात. त्यातल्या एखाद्याच्या घरच्या मोबाइलमध्ये स्कूबाचा फोटो असतोच : तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, पाठीवर सिलिंडर आणि मागून धरून ठेवणारा प्रशिक्षक. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. आपल्या शहराला समुद्र नाही, पण पाणबुड्या आता मुलांच्या ओळखीचा झालाय. त्याचा पाठासाठी उपयोग करून घेऊ.

एरवी आपण प्लावक बल शिकवताना लाकडाचा ठोकळा आणि लोखंडी खिळा घेतो. मुलं व्याख्या पाठ करतात, गणित सोडवतात आणि विसरतात. या पाठात आपण एकच प्रश्न विचारणार आहोत : पाणबुड्याच्या सूटला खिसा शिवायचा असेल, तर तो नेमका कुठे असावा? प्रश्न शिंप्याचा वाटतो. उत्तर शोधताना मात्र दाब, प्लावक बल, तोल आणि सुरक्षितता या चारही गोष्टी लागतात.

१. आधी पोशाख समजून घेऊ

मालवणच्या समुद्रात पाणी उबदार असतं, तिथे पातळ वेटसूट पुरतो. वेटसूटच्या आत थोडं पाणी शिरतं आणि अंगाच्या उष्णतेने ते कोमट होतं. थंड प्रदेशातल्या समुद्रात, तळ्यात किंवा गुहेत एवढ्याने भागत नाही, कारण पाणी आपल्या अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने ओढून घेतं. तिथे ड्रायसूट घालतात. त्याच्या मनगटाला आणि गळ्याला घट्ट पट्ट्या असतात, त्यामुळे पाणी आत येत नाही. आत गरम कपडे घालतात आणि त्यांच्यात हवा असते. या हवेमुळेच ऊब टिकते.

ड्रायसूटला दोन झडपा असतात. छातीवरच्या झडपेतून हवा आत घेतात. डाव्या दंडावरच्या झडपेतून हवा बाहेर सोडतात. "दंडावरच का?" हे मुलांना विचारा. कोणीतरी नक्की सांगेल : हवा वर जाते, म्हणून हात थोडा उचलला की दंड सगळ्यात उंच जागी येतो आणि हवा तिथून निघून जाते. जागा निवडण्यामागे कारण असतं, हा पहिला धडा इथेच मिळतो.

खिसे सूटच्या बाहेरून, बहुतेक वेळा दोन्ही मांड्यांवर असतात. ते सूटला आरपार शिवत नाहीत, चिकटवतात, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाणी आत यायची वाट. खिशाच्या तळाला मात्र मुद्दाम भोकं ठेवतात. ती का, हे पुढे बघू.

२. साइडमाउंट म्हणजे काय?

फोटोतल्या मुलाचं सिलिंडर पाठीवर होतं. साइडमाउंट पद्धतीत दोन सिलिंडर अंगाच्या दोन्ही बाजूंना, काखेपासून मांडीच्या दिशेने, आडवी लावतात. ही पद्धत वाढली ती पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये शिरणाऱ्या लोकांमुळे. छत इतकं खाली असतं की पाठीवर सिलिंडर असलं तर माणूस अडकतो. सिलिंडर बाजूला असलं की उंची कमी होते, दोन्ही तोट्या डोळ्यांसमोर राहतात, आणि अगदीच अरुंद जागा आली तर एक सिलिंडर सोडवून पुढे ढकलता येतं.

मुलांना थायलंडच्या थाम लुआंग गुहेची गोष्ट सांगा. 23 जून 2018 ला फुटबॉल खेळणारी 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक त्या गुहेत गेले आणि पावसाच्या पाण्याने वाट बंद झाली. 2 जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलांथेन हे दोन ब्रिटिश गुहा-पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले. दोघेही साइडमाउंट पद्धतीने पोहणारे. 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत सगळी 13 जणं जिवंत बाहेर आली. गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञही तिथे गेले होते. आणि याच मोहिमेत, आत हवेची सिलिंडर ठेवून परत येताना, समन कुनान या थाई नौदलाच्या माजी पाणबुड्याचा 6 जुलैला मृत्यू झाला. सिलिंडर ठरलेल्या जागी नेऊन ठेवणं हे काम किती मोलाचं आणि किती अवघड असतं, ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

३. कृती पहिली : खिशाची जागा शोधा

आता वर्गात करून बघू. एका विद्यार्थ्याला दोन बाकांवर पालथं झोपवा. गुडघ्यात पाय वर वाकवायला सांगा. पाणबुड्या याच स्थितीत पोहतो. दोन्ही काखांखाली दोन लीटरच्या रिकाम्या बाटल्या दोरीने सैल बांधा. ही झाली सिलिंडरं. हातात लोकरीचे मोजे, डोळ्यांवर रुमाल. मोजे थंडीसाठी. रुमाल अशासाठी की गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही, आणि मान वाकवून मांडीकडे बघणंही जमत नाही.

पिशवीचा खिसा आळीपाळीने चार ठिकाणी सेफ्टी पिनने लावा : कमरेजवळ, मांडीच्या बाजूला, मांडीच्या पुढे आणि गुडघ्याजवळ. आत एक खोडरबर ठेवा. "काढ!" म्हटल्यावर किती सेकंद लागले ते दुसऱ्या विद्यार्थ्याने लिहायचं. पिना बाहेरच्या बाजूने, शिक्षकांनी स्वतः लावाव्यात.

मुलांच्या लक्षात येईल ते साधारण असं :

• खिसा फार वर असेल तर तो पट्ट्यांखाली आणि बाटलीखाली दबतो.
• अगदी बाजूला असेल तर बाटलीचं बूड आडवं येतं.
• मांडीच्या पुढे असेल तर हात सहज पोचतो, पण पालथं पोहताना भरलेला खिसा खाली लोंबतो. अरुंद गुहेत तो तळाला घासेल.
• गुडघ्याजवळ असेल तर पाय सरळ असताना हात पोचत नाही. पाय वाकवून वर घेतला तरच पोचतो.

म्हणजे "सर्वांत चांगली जागा" अशी एकच नसते. म्हणूनच पाणबुडे खिशाची जागा ठरवताना सूट नुसता टेबलावर पसरून खूण करत नाहीत. आतले जाड कपडे, पट्टे, सिलिंडर, मोजे असं सगळं घालून, पाय वाकवून, हात कुठे पोचतो ते बघतात आणि मग खूण करतात. शिवाय प्रत्येकाचा हात वेगळा. वर्गातल्या उंच मुलाची आणि ठेंगण्या मुलीची उत्तरं वेगळी आली तर ती दोन्ही बरोबर आहेत, हे आवर्जून सांगा.

काही साइडमाउंट पाणबुडे मांडीच्या खिशाऐवजी किंवा त्याच्या जोडीला कमरेमागे लटकणारी छोटी पिशवी वापरतात. ती पार्श्वभागावर असल्यामुळे तळाला घासत नाही. पण तिच्यात हात घालता येत नाही. हूक सोडवून ती पुढे आणावी लागते, आणि परत लावताना पुन्हा चाचपडावं लागतं.

४. खिशात काय, आणि कसं?

जादा मास्क, पाण्यात लिहिता येणारी वही, जादा टॉर्च, दोरीचं छोटं रीळ आणि पाण्यावर उभी राहणारी नारंगी फुगवायची नळी या नेहमीच्या वस्तू. ही नळी खालून फुगवून वर सोडली की बोटीवाल्यांना कळतं, इथे खाली माणूस आहे.

यात तीन नियम मुलांना शिकवण्यासारखे आहेत.

पहिला : प्रत्येक वस्तू बांधलेली असते. खिशाच्या आत इलॅस्टिकची दोरी असते आणि प्रत्येक वस्तूचा हूक तिच्यात अडकवलेला असतो. एक वस्तू काढताना दुसरी निसटून खोल पाण्यात जायला नको.

दुसरा : आधी लागणारी वस्तू वर, नंतर लागणारी खाली. आणि कुठली वस्तू डाव्या खिशात, कुठली उजव्या, हे एकदा ठरलं की बदलत नाहीत. हाताला सवय लागते. घाबरल्यावर डोकं चालत नाही, सवय चालते.

तिसरा : जीव वाचवणारी वस्तू खिशात पुरत नाहीत. दोरीत किंवा जाळ्यात अडकलं तर कापायला लागणारी सुरी पट्ट्यावर अशा जागी असते, की शक्यतो कुठल्याही हाताने काढता यावी. एक हात अडकला तर दुसरा आहे.

हे तिन्ही नियम दप्तरालाही लागू आहेत, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात. कंपासपेटी तळाशी, वर डबा, त्यावर सगळी पुस्तकं. आणि बाईंनी "पेन काढा" म्हटलं की अर्धं दप्तर बाकावर!

५. कृती दुसरी : खिशाचं पाण्यातलं वजन

आता आर्किमिडीज. खिशात टाकलेली वस्तू पाण्यात किती "जड" लागते? तानकाट्याला लोखंडी नट-बोल्ट बांधून आधी हवेत, मग बादलीतल्या पाण्यात बुडवून मोजा.

गणित असं : लोखंडी वस्तूचं वस्तुमान 156 ग्रॅम, घनता साधारण 7.8 ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणून आकारमान 20 घन सेंमी. तिने बाजूला सारलेलं पाणी 20 ग्रॅम. पाण्यात तानकाटा दाखवेल 156 − 20 = 136 ग्रॅम.

आता घट्ट झाकणाची रिकामी प्लास्टिकची डबी घ्या. वस्तुमान 30 ग्रॅम, बाहेरचं आकारमान 200 घन सेंमी. ती 200 ग्रॅम पाणी बाजूला सारेल. म्हणजे ती खाली ओढणार नाही, उलट 170 ग्रॅम वजन पेलेल इतक्या जोराने वर ढकलेल. खिशात अशी डबी ठेवली तर पाय वर उचलला जाईल.

मग भोकांचा प्रश्न विचारा. दोन लीटरचा खिसा पाण्याने भरला तर पाण्यात त्याचं किती वजन जाणवेल? जवळपास शून्य, कारण आत पाणी आणि बाहेरही पाणी. पण शिडीवरून बोटीत चढताना? पूर्ण दोन किलो, आणि दोन खिसे असतील तर चार! म्हणून तळाला भोकं. या एका प्रश्नावर वर्गात चांगली दहा मिनिटं वाद होतो. होऊ द्या.

६. कृती तिसरी : तोल

30 सेंमीची पट्टी 15 सेंमीवर दोऱ्याने टांगा. एका बाजूला मध्यापासून 10 सेंमीवर एक नाणं चिकटवा. दुसऱ्या बाजूला 5 सेंमीवर तसंच एक चिकटवा, पट्टी कलते. तिथे दोन चिकटवा; सरळ होते. म्हणजे वजन किती यासोबतच ते मध्यापासून किती लांब हेही महत्त्वाचं. मांडीवरचा खिसा शरीराच्या मध्यापासून लांब असतो, त्यामुळे त्यातली थोडी भरही पाय खाली ओढते. दोन्ही खिशांत सारखी भर नसेल तर अंग एका कुशीवर कलतं.

साइडमाउंटमध्ये यात आणखी एक गंमत आहे. हवेलाही वजन असतं! पाणबुडे वापरतात त्या नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची आतली जागा सुमारे 11 लीटर. त्यात 200 पट दाबाने हवा भरली म्हणजे साधारण 2,200 लीटर हवा झाली. एक लीटर हवा सुमारे 1.2 ग्रॅम. म्हणजे 2.6 किलोहून अधिक वजन नुसत्या हवेचं! ही हवा श्वासातून संपत गेली की सिलिंडर हलकं होतं आणि त्याचं बूड पाण्यात वर उचलायला लागतं. म्हणून पाणबुड्या मध्येच त्याचा मागचा हूक काढून पट्ट्यावर पुढच्या डी-रिंगमध्ये लावतो. पोहायला सुरुवात करताना खिशासमोर असलेली मोकळी जागा शेवटी मोकळी असेलच असं नाही. सामान ठेवताना हा बदलही धरावा लागतो.

७. कृती चौथी : दाब आणि सूटमधली हवा

सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. हवा आकसते, सोडली की पसरते. पाण्यात दर 10 मीटर खोलीला सुमारे एक वातावरणाएवढा दाब वाढतो. समजा सूटमध्ये पृष्ठभागावर 6 लीटर हवा आहे, आणि तिच्यात भर घातली नाही :

पृष्ठभागावर : दाब 1, हवा 6 लीटर
10 मीटरवर : दाब 2, हवा 3 लीटर
20 मीटरवर : दाब 3, हवा 2 लीटर
30 मीटरवर : दाब 4, हवा 1.5 लीटर

पहिल्या 10 मीटरमध्येच 3 लीटर, म्हणजे सुमारे 3 किलोचा आधार गेला! म्हणून पाणबुड्या खाली जाताना सूटमध्ये हवा घेतो आणि वर येताना सोडतो. सोडली नाही तर ती फुगते आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो, ते फार धोक्याचं. डोकं खाली झालं तर हीच हवा पायांत जमते आणि पाय वर ओढले जातात. अशा वेळी मांडीच्या खिशातल्या सामानाची थोडी मदतच होते. तोलाचा आणि दाबाचा असा संबंध आहे.

मुलांना विचारा : शेवटच्या 10 मीटरमध्ये वर येताना जास्त सावध का राहायचं? वरच्या आकड्यांत उत्तर आहे.

८. आता आपल्या शेततळ्याकडे

इथपर्यंतचा पाठ विज्ञानाचा. पण मराठवाड्यातल्या शिक्षकाने तो इथेच थांबवू नये, असं मला वाटतं.

आपली मुलं ड्रायसूट कदाचित कधी घालणार नाहीत. पण विहीर, कालवा, नाथसागराचा काठ आणि शेततळं त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून गावोगाव शेततळी झाली. पाण्याची सोय झाली, पण अस्तरीकरणाचा प्लास्टिक कागद ओला झाला की इतका निसरडा होतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावरून वर चढता येत नाही. एक मूल पडतं, दुसरं वाचवायला उतरतं आणि दोघंही जातात. अशा बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो.

आता खिशाचा नियम इथे लावून बघा. दोरी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असते. रिकामा कॅनही असतो. पण दोरी गोठ्यात, कॅन गच्चीवर आणि मूल पाण्यात, मग त्या दोरीचा उपयोग काय? वस्तू असणं आणि वस्तू हाताला लागणं यांत जे अंतर आहे, तेवढ्यात जीव जातो.

घट्ट बुचाचा रिकामा 5 लीटरचा कॅन जवळपास 5 किलोचा आधार देतो. हे आपण नुकतंच डबीवर मोजलं. माणसाचं शरीर पाण्याइतक्याच घनतेचं असतं, त्यामुळे डोकं पाण्याबाहेर ठेवायला एवढा आधार खूप मोठा असतो. 10 लीटरचा कॅन आणखी चांगला. फेकताना वाऱ्याने भरकटू नये म्हणून त्यात थोडं पाणी ठेवावं, आणि कॅनला लांब दोरी बांधलेली असावी.

शेततळं असलेल्या पालकांना ही यादी द्या :

• काठावर पक्क्या खुंटाला बांधलेली, गाठी मारलेली दोरी कायम पाण्यात सोडलेली असावी. शक्यतो चारही बाजूंना.
• दोरी बांधलेला बुचाचा कॅन काठावरच, ठरलेल्या एकाच जागी, लहान मुलाच्याही हाताला लागेल असा टांगावा. तो फवारणीला किंवा डिझेल आणायला उचलून नेऊ नये.
• तळ्याला कुंपण आणि फाटकाला कडी असावी.
• घरातल्या प्रत्येकाने ती जागा डोळे मिटून सांगता आली पाहिजे.

आणि मुलांना एकच वाक्य पाठ करायला लावा : "ओरडा, फेका, पण उडी मारू नका." आधी मोठ्यांना हाक, मग कॅन किंवा दोरी फेकायची आणि काठावर आडवं पडून ओढायचं. हा सराव शाळेच्या मैदानावर करावा : खडूने तळं आखा, आत एक विद्यार्थी बसवा आणि कॅन त्याच्या हाताशी पडेल असा फेकायला लावा. पाण्याजवळ नेऊन सराव मुळीच करू नये. वरच्या सगळ्या कृतीही बादलीपुरत्याच.

स्वाध्याय

१. 234 ग्रॅमची लोखंडी वस्तू (घनता 7.8) पाण्यात किती ग्रॅम भरेल?
२. 10 मीटरवर सूटमध्ये 4 लीटर हवा आहे. ती न सोडता पृष्ठभागावर आलं तर किती होईल?
३. आपल्या दप्तरातल्या वस्तूंची जागा खिशाच्या तीन नियमांनी पुन्हा ठरवा. डोळे मिटून कंपासपेटी काढायला आधी किती सेकंद लागत होते, आता किती लागतात?
४. घरी किंवा शेतावर जाऊन बघा : दोरी कुठे आहे, कॅन कुठे आहे, आणि तळ्याच्या किंवा विहिरीच्या काठापासून तिथे पोचायला किती पावलं पडतात? मोठ्या माणसाला सोबत घेऊनच मोजा.

(उत्तरं : १. 204 ग्रॅम, २. 8 लीटर.)

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून आणल्यावर त्याखाली पालकांची सही घ्या. पावलं दहापेक्षा जास्त असतील, तर सही करण्याआधी कॅन काठावर टांगायचा, एवढं पालकांना सांगा.